विश्लेषण : वेबसाइट ‘एसईओ’मुळे वाढली की हंगामामुळे? ओळखायचे कसे?

देवगड तालुक्यातील एका बागायतदार स्नेह्यांनी गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या मे महिन्यात, मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली. सोबत एकच ओळ होती : ‘हे खरे आहे का, जरा बघून सांग.’ वाशीच्या बाजारात अडत्याच्या भरवशावर माल सोडण्यापेक्षा हापूसची पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवावी, म्हणून त्यांनी काही वर्षांपूर्वी वेबसाइट केली. ती गूगलवर वर दिसावी, यासाठी सप्टेंबर 2024 पासून एका एजन्सीला महिना 12 हजार रुपये द्यायला सुरुवात केली. एप्रिलअखेर आठ महिन्यांचे 96 हजार रुपये गेले होते आणि त्याच्या बदल्यात हा 14 पानी अहवाल आला होता. पहिल्याच पानावर मोठा हिरवा बाण आणि त्याखाली ‘ऑरगॅनिक ट्रॅफिकमध्ये 340 टक्के वाढ’.

बाण हिरवा होता, पण गल्ल्यात तसा फरक काही जाणवत नव्हता. घरगुती मसाले विकणाऱ्या गटापासून क्लासचालक, दंतवैद्य, होमस्टेवाल्यांपर्यंत अनेकांच्या फोनमध्ये आज असे अहवाल येऊन पडतात. ते खोटे असतातच असे नाही. या अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता.

340 टक्के आले कुठून?

आलेखाच्या डाव्या टोकाला जानेवारी 2025 होता, उजव्या टोकाला एप्रिल. जानेवारीत गूगलवरून वेबसाइटवर 212 क्लिक आले, एप्रिलमध्ये 933. भागाकार केला की 340 टक्के. गणित चोख आहे. पण जानेवारीत हापूस शोधतो कोण? तेव्हा झाडावर मोहोर असतो, फार तर कैरी. एप्रिलमध्ये मात्र मुंबई-पुण्याच्या प्रत्येक घरात आंब्याचा भाव हा विषय असतो. एजन्सीने काहीही केले नसते, तरी हा आलेख वरच चढला असता. किती चढला असता, हा यातला खरा प्रश्न आहे आणि 14 पानांत तो कुठेही विचारलेला नव्हता.

वाढ झाली का, हे कोणीही सांगेल. ती एसईओमुळे झाली का, हे सांगायचे तर एसईओ केले नसते तर काय झाले असते, याचा काही तरी अंदाज हाताशी हवा. तो अंदाज नसलेला अहवाल हा फार तर हवामानाचा वृत्तांत म्हणायचा.

एसईओमध्ये आपण विकत काय घेतो?

सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन म्हणजे जाहिरात नव्हे. गूगलच्या नैसर्गिक निकालांत आपले पान वर यावे, म्हणून पानाची शीर्षके सुधारणे, लोक ज्या शब्दांत शोधतात त्या शब्दांत मजकूर लिहिणे, पाने लवकर उघडतील असे पाहणे, गूगलच्या यंत्रणेला वाचता न येणारी पाने मोकळी करणे, इतर वेबसाइटांवरून दुवे मिळवणे, अशी ही कामे. या जागेसाठी गूगलला पैसे देता येत नाहीत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगल आपल्या मार्गदर्शक पानावर स्वच्छ लिहून ठेवते. केलेल्या कामाचा परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असेही गूगलचेच सांगणे आहे.

मोजणीची अडचण या शेवटच्या वाक्यातून सुरू होते. पैसे आज द्यायचे, फळ आठ महिन्यांनी. आणि या आठ महिन्यांत जग थांबून राहत नाही. आमच्या स्नेह्यांच्याच बाबतीत पाहा. काम सुरू होण्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट 2024 मध्ये, गूगलने भारतात ‘एआय ओव्हरव्ह्यू’ आणले. म्हणजे प्रश्नाचे उत्तर निकालांच्या वरच तयार मिळू लागले. नंतर नोव्हेंबर 2024, डिसेंबर 2024 आणि मार्च 2025 मध्ये गूगलने क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीत मोठे फेरबदल जाहीर केले. त्यांना ‘कोअर अपडेट’ म्हणतात. यातल्या प्रत्येकाने वेबसाइट वर किंवा खाली गेलेली असू शकते. अहवालात यातल्या एकाचाही उल्लेख नव्हता.

मग तुलना कोणत्या दिवसांशी करायची?

गेल्या महिन्याशी नव्हे, तर गेल्या वर्षीच्या त्याच काळाशी. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण आपल्याकडे त्यातही एक मेख आहे. गिऱ्हाइकाची खरेदी इंग्रजी महिन्याने चालत नाही, तिथीने चालते. अक्षय्य तृतीया 2024 मध्ये 10 मे रोजी होती आणि 2025 मध्ये 30 एप्रिलला. गुढीपाडवा 2024 मध्ये 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला. म्हणजे अक्षय्य तृतीयेआधीची आंब्याची गर्दी एका वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात मोजली गेली आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या. अशा वेळी एप्रिलची एप्रिलशी तुलना केली, तरी 2025 फुगलेलेच दिसणार. मिठाईवाल्यांना दिवाळीचा आणि मूर्तिकारांना गणपतीचा हाच अनुभव येईल. म्हणून महिना सोडून अख्खा हंगाम घ्यायचा.

आम्ही मार्च ते मे असे तीन महिने दोन्ही वर्षांचे काढले. 2024 मध्ये 1,830 क्लिक, 2025 मध्ये 2,226. वाढ सुमारे 22 टक्के. 340 चे 22 झाले. हे आकडे गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या मोफत साधनातले आहेत. आपली वेबसाइट कोणत्या शब्दांना दिसली, किती वेळा दिसली आणि किती जणांनी ती उघडली, हे त्यात दिसते. वेबसाइटच्या मालकाला ते कधीही पाहता येते, निदान यायला हवे. आमच्या स्नेह्यांकडे त्याचा प्रवेशच नव्हता. एजन्सीने स्वतःच्या खात्यावर ते जोडले होते आणि मागितल्यावर, दोन आठवड्यांनी, दिले.

आपले नाव टाकून शोधणारे कोणाच्या खात्यात?

22 टक्केही वाईट नाहीत. पण सर्च कन्सोलमध्ये एक चाळणी लावता येते : बागेचे नाव असलेले शब्द वेगळे काढा. कारण जो माणूस गूगलवर थेट तुमच्या बागेचे नाव टाइप करतो, त्याला तुम्ही आधीच माहीत आहात. त्याला तुम्ही सापडलात यात एसईओची करामत फारशी नसते. तो आलाच असता.

नावाने शोधून आलेले क्लिक 2024 च्या हंगामात 750 होते, 2025 मध्ये 1,110. म्हणजे जवळजवळ सगळी वाढ इथेच. का, तेही मालकांना लगेच आठवले. 2025 मध्ये त्यांनी पुण्यातील आंबा महोत्सवात पहिल्यांदा गाळा घेतला होता आणि प्रत्येक पेटीवर बागेचे नाव ठळक छापलेले नवे लेबल लावले होते. लेबलाचे पैसे छापखान्याला गेले, गाळ्याचे भाडे वेगळे गेले, श्रेय मात्र एजन्सीच्या आलेखात जाऊन बसले.

असे श्रेय भरकटणे ही छोट्या धंद्याचीच गोष्ट नाही. ‘ईबे’ ही बलाढ्य अमेरिकन कंपनी स्वतःच्याच नावाच्या शोधावर जाहिराती विकत घेत असे. मार्च 2012 मध्ये तिने याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीवरून येणाऱ्या गर्दीपैकी 99.5 टक्के लोक खालच्या नैसर्गिक दुव्यावरून, फुकट, आले. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टडेलिस या अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास 2015 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त प्रसिद्ध झाला. तो पैसे देऊन केलेल्या जाहिरातींविषयी आहे, एसईओविषयी नाही. पण जो येणारच होता त्याला आणल्याचे श्रेय घेणारा अहवाल कसा तयार होतो, हे त्यातून लख्ख दिसते.

नाव वगळल्यावर उरले 1,080 विरुद्ध 1,116. म्हणजे 36 क्लिक. एक कबुली द्यायला हवी : ही चाळणी शंभर टक्के अचूक नसते. फारच थोड्या लोकांनी वापरलेले शब्द सर्च कन्सोल गोपनीयतेसाठी दाखवतच नाही. शिवाय बागेचे नाव लोक देवनागरीत, रोमनमध्ये, चुकीच्या स्पेलिंगने अशा दहा तऱ्हांनी लिहितात. त्यामुळे उरलेल्या ढिगातही काही ओळखीचे लोक असतातच.

‘सरासरी क्रमांक’ सुधारला, तर ते चांगलेच ना?

नाही. मला हा आकडा सगळ्यांत फसवा वाटतो, म्हणून इथे थोडे थांबू.

समजा, तुमची वेबसाइट एकाच शब्दासाठी तिसऱ्या क्रमांकावर दिसते, महिन्यात 100 वेळा. सरासरी क्रमांक 3. आता तुम्ही नवे पान लिहिले आणि ते दुसऱ्या एका शब्दासाठी 35 व्या क्रमांकावर, तेही 100 वेळा दिसू लागले. सरासरी झाली 19. काहीही बिघडलेले नाही, उलट एक जास्तीचे दार उघडले, पण अहवालात घसरण दिसेल. आता उलटे करा. ते नवे पान काढून टाका. सरासरी पुन्हा 3. क्रमांक ‘सुधारला’! ज्या शब्दाला तुम्ही दिसतच नाही, तो शब्द सरासरीत धरलाच जात नाही. वर्गातली कच्ची मुले परीक्षेला बसवली नाहीत की शाळेचा निकाल वाढतो, तशातला हा प्रकार.

सप्टेंबर 2025 मध्ये तर हे साऱ्या जगाला एकदम पाहायला मिळाले. गूगलच्या शोधपत्त्याला एक छोटे शेपूट जोडले की एका पानावर 10 ऐवजी 100 निकाल मिळत. क्रमांक तपासणारी अनेक यंत्रे याच वाटेने जात. त्यांनी पान उघडले की 60 व्या, 80 व्या क्रमांकावरची वेबसाइटही ‘दिसली’ म्हणून मोजली जाई, जरी ते पान कोणा माणसाने पाहिलेले नसले तरी. त्या महिन्यात गूगलने ही सोय बंद केली. त्यानंतर असंख्य वेबसाइटांचे इम्प्रेशन, म्हणजे दिसण्याची संख्या, घसरली आणि सरासरी क्रमांक सुधारला. माणसे तीच, क्लिक साधारण तेवढेच. आमच्या स्नेह्यांना ऑक्टोबरात आलेल्या अहवालात ‘सरासरी क्रमांक 38 वरून 21’ असे ठळक छापले होते. इम्प्रेशनची ओळ मात्र त्या महिन्यापासून अहवालातून गायब झाली. मला यात लबाडीपेक्षा सवय जास्त दिसते : हिरवे ते ठेवायचे, लाल ते गाळायचे.

इम्प्रेशनचीही गोष्ट फार वेगळी नाही. निकालांच्या पानावर तुमचा दुवा असला की बहुतेक वेळा इम्प्रेशन मोजले जाते. वाचणाऱ्याने तिथपर्यंत पान सरकवले की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. एआय ओव्हरव्ह्यूमध्ये दुवा दिसला तरी तो याच बेरजेत जातो.

आणि स्वतःच्या फोनवर शोधून पाहू नका. देवगडात बसून ‘हापूस’ टाइप केले की गूगल देवगडच्या आसपासचे दाखवणार आणि तुम्ही रोज उघडता ती वेबसाइट जरा वर दाखवणार. तुमचे गिऱ्हाईक डोंबिवलीत आहे. इन्कॉग्निटो उघडल्याने सवयींचा हिशेब पुसला जातो, ठिकाण पुसले जात नाही.

अहवालात आणखी दोन आकडे हटकून असतात. ‘डोमेन ऑथॉरिटी’ हा ‘मॉझ’ या खासगी कंपनीने काढलेला 1 ते 100 मधला गुण आहे. गूगल तो वापरत नाही. दुसरा म्हणजे वेगाचे गुण. पान अडीच सेकंदांत दिसावे, बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत हलावे, या गूगलच्या अपेक्षा रास्त आहेत आणि कोकणातल्या नेटवर्कवर तर त्या पाळायलाच हव्यात. पण ते काम झाल्याची पावती आहे, फळाची नव्हे.

न फवारलेली कलमे कुठे आहेत?

हा प्रश्न बागायतदाराला समजावून सांगावा लागला नाही. तुडतुड्यावर नवे औषध आले की शहाणा माणूस सगळ्या बागेवर मारत नाही. काही कलमे तशीच सोडतो. मोहोर टिकला तर तो औषधाने की यंदाच्या थंडीने, हे त्या सोडलेल्या कलमांकडे पाहूनच कळते. कृषी विद्यापीठाच्या प्रयोगातही औषध न मारलेला एक तुकडा असतोच.

वेबसाइटवर हेच करता येते. पानांचे दोन गट करायचे, एका गटावर काम करायचे, दुसऱ्याला हात लावायचा नाही. हंगाम, सण, गूगलचे फेरबदल दोन्ही गटांवर साधारण सारखेच पडतात. मग जो फरक उरतो तो कामाचा. ‘पिंटरेस्ट’ने 2015 मध्ये आपण एसईओचे प्रयोग असेच करतो, हे जाहीरपणे मांडले. ‘एट्सी’ या हस्तकलेच्या बाजारपेठेने 2016 मध्ये पानांची शीर्षके अशाच पद्धतीने तपासली आणि तिथे आखूड शीर्षके सरस ठरल्याचे लिहिले. त्यांच्याकडे लाखो पाने आहेत, आपल्याकडे दहा. तरीही कल्पना तीच.

सुदैवाने आमच्या स्नेह्यांच्या बाबतीत हा प्रयोग आपसूकच झालेला होता. एजन्सीने दहापैकी तीनच पाने नव्याने लिहिली होती, सात जशीच्या तशी होती. बागेचे नाव वगळून पाहिले तर त्या तीन पानांचे क्लिक 270 वरून 444 झाले. हात न लावलेल्या सात पानांचे 810 वरून 672 वर आले. 36 क्लिकच्या सपाट दिसणाऱ्या बेरजेच्या पोटात हे दडलेले होते.

हे पाहिल्यावर माझे एजन्सीविषयीचे मत थोडे बदलले. त्या तीन पानांवर काही तरी घडले होते हे नक्की. पण मग उरलेली सात का घसरली? एक शक्यता अशी की, एआय ओव्हरव्ह्यूमुळे सगळीकडेच क्लिक घटले आणि लिहिलेली पाने त्या घसरणीतही वर आली. तसे असेल तर एजन्सीचे काम दिसते त्याहून मोलाचे. दुसरी शक्यता अशी की, नव्या पानांनी आपल्याच जुन्या पानांचे गिऱ्हाईक ओढले. पूर्वी ‘हापूस पेटी पुणे’ शोधणारा मुखपृष्ठावर येई, आता नव्या पानावर येतो. तसे असेल तर एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, इतकेच. शब्दवार आकडे पाहता दोन्ही थोडे थोडे झालेले दिसते. किती किती, हे दहा पानांच्या वेबसाइटवरून सांगता येणार नाही आणि जो ठामपणे सांगेल त्याच्यापासून सावध राहावे.

फरक खरा की योगायोग?

छोट्या वेबसाइटचा मोठा शत्रू म्हणजे छोटे आकडे. मागच्या महिन्यात 40 क्लिक, या महिन्यात 52. अहवाल म्हणणार, 30 टक्के वाढ! एक साधा ताळा करून पाहा. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, त्याचे वर्गमूळ काढा, दुप्पट करा. 40 आणि 52 ची बेरीज 92, वर्गमूळ साधारण साडेनऊ, दुप्पट 19. फरक आहे 12. म्हणजे निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चढउतारात तो सहज बसतो. 1,080 आणि 1,116 साठी ही मर्यादा 94 येते, फरक 36 च आहे. तीन पानांच्या 270 आणि 444 साठी मर्यादा 53 येते आणि फरक 174 आहे. म्हणूनच ती वाढ मी योगायोग मानत नाही. हा ताळा ढोबळ आहे, प्रत्यक्षातले चढउतार याहून मोठेच असतात. पण निम्मे हिरवे बाण एवढ्यानेच गळून पडतात. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

क्लिक वाढले, पेट्या वाढल्या का?

नव्याने लिहिलेल्या तीन पानांपैकी सर्वाधिक क्लिक मिळवणारे पान होते ‘घरी आंबे कसे पिकवावेत’ याचे. छान पान आहे, आढी कशी लावायची याची चित्रेही आहेत. पण ते वाचणाऱ्याच्या घरात आंबे आधीच आलेले आहेत! त्याला पेटी नको आहे. पुण्यात घरपोच पेटीविषयीच्या पानाला त्याच्या निम्मेही क्लिक नाहीत, पण ते वाचणारा फोन करतो.

आणि फोन कोण मोजणार? आपल्याकडे मागणी वेबसाइटवरच्या ‘खरेदी करा’ बटणाने कमी आणि व्हॉट्सअ‍ॅपने किंवा फोनने जास्त येते. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी दुवा पुढे पाठवला आणि त्यावरून माणूस आला, तर ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’मध्ये तो बहुधा ‘डायरेक्ट’ म्हणून पडतो. त्यात 1 जुलै 2023 पासून जुने अ‍ॅनालिटिक्स बंद होऊन नवे आले आणि काही शब्दांचे अर्थच बदलले. ‘बाउन्स रेट’ पूर्वी एकच पान पाहून परत गेलेल्यांचा होता. आता दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबला तरी तो माणूस बाउन्स धरला जात नाही. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून ‘बाउन्स रेट निम्मा केला’ असे सांगणारे अहवाल मी पाहिलेले आहेत.

उपाय जुनाच आहे. फोनशेजारी एक वही. ‘आमचा पत्ता कुठे लागला?’ हा प्रश्न आणि समोर एक खूण : ओळखीतून, महोत्सवात, जुने गिऱ्हाईक, गूगलवर. 2025 च्या हंगामात स्नेह्यांच्या मुलीने अशी वही ठेवली. 31 नवी गिऱ्हाइके ‘गूगलवर सापडलात’ म्हणाली. 2024 मध्ये अशी किती होती? नोंदच नाही. कोणी विचारलेच नव्हते. आठ महिने, 96 हजार रुपये, 14 पाने आणि तरीही मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते या एका न ठेवलेल्या वहीमुळे. पेटीमागे खर्च वजा जाता हातात काय राहते, हे बागायतदाराला पैशापर्यंत पाठ असते. 31 पैकी किती जण एसईओ नसते तरी आले असते, एवढेच कळले असते तर हिशेब दोन ओळींत संपला असता.

हा एजन्सीवर अन्याय नाही का?

माझ्या मते, मोजणी नसण्याचा तोटा प्रामाणिक एजन्सीलाच जास्त होतो. ज्या वर्षी अवकाळीने मोहोर गळतो, भाव चढतात आणि लोक आंबा शोधणेच कमी करतात, त्या वर्षी आलेख खाली जातो. तेव्हा काम उत्तम करणाऱ्यालाही मालक हाकलतो. चांगल्या वर्षी हंगामाचे श्रेय घेणाऱ्याला वाईट वर्षी हंगामाची सबब सांगता येत नाही. काही कामे तर अशी असतात की त्यांचा परिणाम लख्ख दिसतो. एखादे पान चुकून गूगलला बंद करून ठेवलेले असते, ते उघडले की आठवड्याभरात शून्याचे शंभर होतात. तिथे कसला ताळा नको. आणि काही कामे न घसरण्यासाठी असतात, त्यांचे यश आलेखात दिसतच नाही. यांच्यातला भेद मालकाला कळावा, असे चांगल्या एजन्सीलाच वाटायला हवे.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. ज्याने काम करायचे, त्यानेच मोजपट्टी निवडायची आणि तीही काम झाल्यावर, हे चालणार नाही. काय मोजायचे, कोणत्या काळाशी, कोणती पाने सोडायची, हे पहिला हप्ता देण्याआधी एका कागदावर लिहिलेले हवे. सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्सची मालकी धंदेवाल्याच्या स्वतःच्या ईमेलवर हवी, एजन्सीला फक्त प्रवेश द्यायचा. घराच्या किल्ल्या रंगाऱ्याकडे ठेवून आपण बाहेर उभे राहत नाही.

आता पुढे काय?

स्नेह्यांनी एजन्सी सोडलेली नाही. पगार मात्र महिन्याऐवजी कामावर ठरला आहे : या हंगामात चारच पाने लिहायची, आंबे पिकवण्यावर एकही नाही, बाकीच्या पानांना मे संपेपर्यंत हात लावायचा नाही. कोणत्या तारखेला काय बदलले ते एका तक्त्यात लिहायचे. एजन्सीच्या मुलाने आधी कुरकुर केली, मग तक्ता त्यानेच बनवून पाठवला. वही फोनशेजारी आहेच, यंदा तिला गेल्या वर्षीची जोड मिळेल.

एक घाई मात्र आहे. सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांची नोंद ठेवते. मार्च 2025 चे आकडे जुलै 2026 पासून पुसले जाऊ लागतील. हंगाम आटोपून निवांतपणे तुलना करू म्हटले, तर तुलनेची एक बाजू शिल्लक नसेल. ‘एक्स्पोर्ट’चे बटण उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आहे. शब्दांची आणि पानांची प्रत्येकी हजार ओळींपर्यंतची यादी त्यातून उतरवता येते. स्नेह्यांच्या मुलीने मार्च ते मे 2025 चे तिन्ही महिने उतरवून घेतले आहेत.